अजून हाय मी

होळीच्या दिवशी वहिनीनं आप्पांच्या ताटात एक पोळी वाढली. आमच्या सगळ्यांच्या पोळ्या ताटाच्या काठाबाहेर जात होत्या, दुमडूनच वाढाव्या लागत होत्या. ही मात्र तळहाताएवढी. गूळ बेताचा, कणीक कोंड्यासकट, वर तुपाचा थेंब नाही. या एका पोळीसाठी वहिनीनं पहाटे उठून वेगळं पुरण शिजवलं होतं, वेगळं वाटलं होतं. आप्पांनी ती उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "नैवेद्य माझ्या ताटात कुणी वाढला? अजून हाय मी." सगळे हसले. वहिनीही हसली. आप्पांनी ती पोळी चार घासांत संपवली, येळवणीची आमटी दोन वाट्या ओरपली, भात पुन्हा पुन्हा घेतला, पण दुसरी पोळी मागितली नाही. होळीला दुसरी पोळी न मागता उठलेला माणूस आमच्या घरात मी पहिल्यांदाच बघत होते.

संध्याकाळी सांगलीला परतताना, आयर्विन पुलावर गाड्यांच्या रांगेत अडकले तेव्हाही ते वाक्य डोक्यातून जाईना. थट्टाच होती ती, आप्पांना तशी सवयच आहे. पण लहान पोळी आमच्याकडं कुठं कुठं असते ते आठवत गेले. देवापुढच्या ताटलीत, गाईच्या घासाला, होळीत टाकायला, पितरांच्या पानावर आणि रांगत्या पोराच्या मुठीत. यातलं कुठलंही पान ऐंशीच्या घरातल्या, अजून रोज मळ्यापर्यंत चालत जाणाऱ्या माणसाचं नाही.

वहिनीची बाजू आधी सांगते, कारण ती खरी आहे. आप्पांना साखर होऊन बरीच वर्षं झाली. फ्रिजच्या दारावर आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला कागद चिकटवलेला आहे, आणि तो वाचणारी घरात एकटी वहिनीच. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळं तिचं 'गोड कमी करा' असं मोघम नसतं. तिनं मला वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं: किलोभर हरभऱ्याची डाळ, किलोभर गूळ, आपल्या मापाच्या तीसपस्तीस पोळ्या. म्हणजे पोळीमागं तीसेक ग्रॅम गूळ. त्यावर गुळवणी, ती वेगळीच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत आली तर फारच चांगलं. आणि ते ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. "एका पोळीत दिवस संपला, ताई," ती म्हणाली. यावर मी काय बोलणार? डाळीबद्दल तिची तक्रार नव्हती. हरभऱ्याची डाळ सावकाश पचते, तिच्यामुळं साखर एकदम उसळत नाही, पोटाला आधार राहतो. पुरणातली डाळ गुणी आहे, प्रश्न तिच्या सोबत्याचा आहे.

आप्पांना मात्र हा सोबती निर्दोष वाटतो. साखर वाईट, गूळ चांगला, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं आहे की चहात साखर घालणाऱ्याला ते उपदेश करतात आणि स्वतः गुळाचा खडा चघळतात. गुळात थोडं लोह असतं, इतरही क्षार थोडेफार असतात, हे खरं. पण त्याचा बहुतेक भाग साखरच, आणि रक्तात उतरल्यावर ती कुठल्या पिशवीतून आली हे शरीर विचारत नाही. हे आप्पांना पटवणं कठीण, कारण त्यांचा गूळ दुकानातला नाहीच मुळी. तो आमच्या शिवाराच्या कडेच्या गुऱ्हाळातला आहे. दिवाळी झाली की चुलवाण पेटायचं. चिपाडाचा धूर, उकळत्या रसाचा गोडसर आंबूस वास, काहिलीवर वाकलेला घामाघूम गुळव्या. भेंडीचा चिकट रस ओतला की मळी फेसासारखी वर यायची, ती मोठ्या झाऱ्यानं काढून टाकायची. मग गुळव्या पाक पाण्यात सोडून बोटांनी गोळी बघायचा, आणि आम्ही पोरं काकवीसाठी तांब्या घेऊन उभी. सौद्यात मागणी पिवळ्याधमक गुळाची. ढेप काळपट निघाली की दर पडायचा, म्हणून रंग उजळायला काहीजण हायड्रो नावाच्या रसायनाची पावडर टाकत. काळी ढेप विकायची नाही, घरात ठेवायची, असा आजीचा नियम होता. त्यामागं आरोग्य नव्हतं, तिला दर येणार नाही एवढंच कारण होतं. आता तोच काळा गूळ पुण्यात छान कागदी पिशवीत, 'रसायनमुक्त' असा शिक्का मारून पिवळ्यापेक्षा चढ्या भावानं विकतात. मी एकदा तसली पिशवी आप्पांना आणून दाखवली. बराच वेळ ती न्याहाळून ते म्हणाले, "पडल्या दरानं गेलेली ढेप पिशवीत बसून शहाणी झाली म्हणायची."

साखरेचं मात्र आमच्या भागात वेगळंच आहे. ती आमच्याकडं कधी महाग नव्हतीच. सभासदांना कारखान्याची साखर सवलतीच्या दरात मिळायची, दिवाळीच्या तोंडावर ती पोत्यानं घरात यायची, आणि पोतं घरात आलं की मोजायचं कोण? बाहेरची लोकं सांगली-साताऱ्याकडच्या फराळाला गोडाचा हात सैल म्हणतात, त्यामागं सुगरणपणाएवढंच हे पोतंही असावं असं मला वाटतं. काटकसर तेलाची, तुपाची, काजू-बदामाची. साखरेची नव्हे.

तेलाची काटकसर मात्र आईकडून शिकावी. दिवाळीला ती कढईचा क्रम ठरवून बसायची. पहिलं ताजं तेल करंज्यांना, कारण त्या पांढऱ्या राहायला हव्यात. मग चकली, शेव, कडबोळी. गुळाचं जे काही असेल ते सगळ्यात शेवटी, कारण त्याचा चुरा तळाशी जळतो आणि तेल काळं करतो. उरलेलं तेल फडक्यातून गाळून चिवड्याच्या फोडणीला, आणि तरीही उरलंच तर चार दिवसांत भाज्यांना. पुन्हा तळणीला ते कधीच नाही. हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. तळणीचं तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात नको ते घटक साठत जातात, आणि ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल हॉटेलवाल्यांनी टाकून द्यायचं, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८मध्ये आला. आईच्या नाकाला तो आधीपासून ठाऊक होता. तिची आणखी एक सवय होती. चकली बाहेर काढली की झारा कढईच्या काठावर ठकठक आपटायचा आणि चकल्या आडव्या न पसरता चाळणीत उभ्या रचायच्या. आम्हाला वाटायचं, जागा कमी म्हणून. पुढं कुठंतरी वाचलं की पदार्थ तळताना जेवढं तेल पितो त्याच्यापेक्षा जास्त ते कढईतून बाहेर आल्यावर पितो. तळताना आतली वाफ बाहेर येत असते, ती तेलाला आत शिरू देत नाही. बाहेर काढून निवायला लागला की वाफ आकसते आणि अंगावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणजे ते पहिलं अर्धं मिनिट महत्त्वाचं. तेवढ्यात तेल झटकून टाकलं तर खरंच फरक पडतो. तेल पुरेसं तापलेलं नसेल, किंवा मोहन हात सोडून घातलं असेल, तर मात्र झारा कितीही आपटा.

एअर फ्रायर आमच्याकडंही आला, भाच्यानं आणला. त्यात केलेली चकली मी खाल्ली आहे. तिच्याबद्दल वाईट बोलत नाही, पण चकली म्हणूनही बोलत नाही. भाजणी तीच होती: चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, धणे-जिरे, सगळं खमंग भाजून दळलेलं. वास सुरेख आला. दाताखाली मात्र ती कुडुमकन मोडली नाही, नुसती कुरकुरली. भाचा म्हणाला, चहात बुडवून बघ. मी बुडवली नाही.

चकल्या चारच खाव्यात, पण तळलेल्याच खाव्यात, या मताची मी आहे.

आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींचा हिशेब याहून वेगळा. २०२२च्या दिवाळीत सरकारनं रेशनकार्डावर १०० रुपयांत एक-एक किलो रवा, हरभरा डाळ आणि साखर, आणि एक लिटर पामतेल दिलं, तो आनंदाचा शिधा त्यांनी कसा पुरवला हे मला त्या वर्षी त्यांनी ओट्यापाशी उभं राहून सांगितलं होतं. डाळ अर्धी दळून आणली, त्याची शेव. अर्धी ठेवली पाडव्याच्या पोळ्यांना. रव्याचे लाडू, त्यात खोबरं नाही, शेंगदाण्याचं भरड कूट, आणि तुपाऐवजी दुधाचा हबका मारून वळलेले, म्हणून दोन दिवसांत संपवायचे. तेलात आधी शंकरपाळे मग शेव की उलट यावरून आमचा वादही झाला. त्यांच्या घरात हौसेला कात्री लावणारी बाई त्या एकट्याच, आणि ती कात्री पाहुण्यांच्या नजरेला पडू न देण्याचं कसबही त्यांचंच. मी त्यांना होळीची गोष्ट सांगितली. आप्पांच्या वाक्यावर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्यात पोळी बारकी केली तर लोकं म्हणत्यात, परवडंना झालंय. पुरण कमी भरलं तरी चालतंय, कडा मोठी ठेवायची. पोळी मोठीच दिसली पायजे."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे लहान पोळीचे अर्थ दोनच, माणूस आजारी तरी किंवा घर तरी.

पूर्वीच्या बायका किती शहाण्या, त्यांचं खाणं किती साधं नि सकस, असं लिहिण्याचा मोह इथं होतो. आवरते. त्या शहाण्या होत्याच, पण त्यांचं साधं खाणं शहाणपणातून आलं नव्हतं. सणादिवशी माझी आजी शेवटच्या पंक्तीला बसायची, म्हणजे पंक्ती संपल्यावर चुलीपाशीच. तिच्या वाट्याला फाटलेली नाहीतर पुरण बाहेर आलेली पोळी, ती एखादी, आणि मग सकाळची भाकरी येळवणीत कुस्करून. "तुम्ही बसा, मी खातो की मागनं," हे तिचं दर सणाचं वाक्य. येळवणीची आमटी आज मला पुरणपोळीहून जास्त आवडते. डाळ शिजवून निथळलेलं पाणी फेकायचं नाही, त्यात पाट्यावर वाटलेलं भाजकं खोबरं, कांदा, लसूण, चटणी, चिंचेचं बोट आणि पुरणाचा एक लहानसा गोळा. डाळीचा कस त्यात उतरलेला असतो, खर्च जवळपास शून्य. पण ती आजीच्या ताटात का होती आणि तूपपोळी आजोबांच्या ताटात का होती हे विसरून मला तिचे गोडवे गाता येत नाहीत. आजोबा साखरेनंच गेले असावेत असा वहिनीचा अंदाज आहे. तेव्हा तपासत कोण होतं. आजी मात्र नव्वदीपर्यंत काटक होती, आणि यातून कुणी काही निष्कर्ष काढू नये.

वर्षभराचे सण डोळ्यांपुढं आणले तर त्यात तळणीशिवायचे दिवसही भरपूर निघतात. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. मग पुरणाचे दिंड: कणकेच्या पारीत पुरण ठेवून चौकोनी घडी घालायची आणि चाळणीवर वाफवायची. वाफाळलेला दिंड फोडून त्यावर तूप सोडलं की आत पुरण ओलसर, मऊ, आणि कणकेला पुसटसा हळदीच्या पानाचा वास, कारण आई चाळणीत पान अंथरायची. हळदीच्या पट्ट्यात राहून पानांना काय तोटा! २०१९च्या महापुरात नागपंचमीच्या सुमारासच पाणी चढत होतं, त्या वर्षीचे दिंड राहिले, एवढं सोडलं तर आमच्या घरात ते चुकलेले नाहीत. भोगीला खेंगट: हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, घेवडा, गाजर, वांगी, शेंगदाणे, तिळाचं कूट, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. त्या दिवसांत या भाज्या बाजारात ढिगानं असतात, म्हणून स्वस्त. गावच्या यात्रेला खपली गव्हाची खीर: कांडलेली खपली रात्रभर भिजवून, मोठ्या डेगीत तासन् तास रटरटलेली, सुंठ, खसखस, ओलं खोबरं. गुळाचं माप सोडलं तर यातलं काहीही 'आरोग्यदायी करून' घ्यावं लागत नाही. पण गंमत अशी की घरातली पोरं सण म्हणताच चकली आणि पुरणपोळी एवढंच आठवतात. दिंड कर म्हणून मला आजवर कुणी फर्माईश केलेली नाही.

आणि आता हेच सगळं महाग झालं आहे. शाळू ज्वारीचा भाव गव्हाच्या वर गेला. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा जत-कवठेमहांकाळकडच्या माझ्या मैत्रिणींनी विचारलं होतं की आमच्या भाकरीचा एवढा सत्कार कशाला. खपली तर मी घेते ती एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून. त्याला सहज विचारलं, घरी तुम्ही खपलीच खाता का हो? तो म्हणाला, "न्हाई वो ताई, ती इकायची. घरात रेशनचा गहू." त्याच्या पिशवीवर 'मधुमेहींसाठी उत्तम' असं छापलेलं होतं. घाण्याचं शेंगदाणा तेलही तसंच, मोठ्या कौतुकाचं आणि मोठ्या किमतीचं. आणि वाटीभर तेलातले उष्मांक घाण्यावरचे असले तरी तेवढेच. खजुराची बर्फी 'साखरविरहित' म्हणून गेल्या दिवाळीत तीन घरांतून आली. वाळल्या खजुरात साठ टक्क्यांहून जास्त साखरच असते. तीच गोष्ट आमच्या तासगावच्या बेदाण्याची. बेदाणे घातले की लाडवात साखर थोडी कमी चालते, आणि रंगाला उतरलेला काळपट बेदाणा सौद्यातून स्वस्त मिळतो, म्हणून मी तो वापरते. पण त्याला साखरविरहित म्हणायची माझी छाती नाही. एक बदल मात्र खरोखर बरा झाला. पूर्वी करंजीच्या साट्याला, शंकरपाळ्यांना सर्रास वनस्पती तूप असायचं, आणि त्यातली ट्रान्स चरबी हृदयाला घातक. २०२२पासून तिची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली. त्यासाठी आपल्यापैकी कुणाला काही सोडावं लागलं नाही.

होळीनंतर पंधरा दिवसांनी पाडवा. मी वहिनीला फोन केला आणि म्हटलं, आप्पांची वेगळी पोळी करूच नको. सगळ्यांच्याच लहान करू. ती क्षणभर गप्प राहिली, मग गणितच मांडलं तिनं. किलोभर डाळीला पाऊण किलो गूळ, आणि पोळी लहान, म्हणजे साधारण पंचेचाळीस होतील. पोळीमागं गूळ सोळा-सतरा ग्रॅम. दोन खाल्ल्या तरी पूर्वीच्या एकीच्या आसपास. "हिशेब बसतो," ती म्हणाली, "पण ताई, पंचेचाळीस लाटणार कोण? मोठ्या तीसलाच माझी कंबर जाते." आरोग्याच्या कुठल्याच पाककृतीत ही ओळ नसते. गूळ कमी केला की पुरण भगराळ होतं, पोळी फुटते, म्हणून डाळ जास्त शिजवावी लागते, वाटण अधिक बारीक करावं लागतं. मापं कमी होतात ती सामानाची. श्रमाची वाढतातच.

तेव्हा दादाला तव्यापाशी बसवला. त्यानं कुरकुर केली, पहिल्या काही पोळ्या करपवल्या, मग हात बसला. मी लाटत होते, वहिनी पुरण भरत होती. पुरणात चिमूटभर मीठ, जायफळ नेहमीपेक्षा सढळ, सुंठ, आणि डाळ थोडी ओलसरच ठेवलेली. गूळ कमी आहे हे फक्त धाकट्या भाच्याला कळलं, आणि त्यानं ते मोठ्यानं सांगितलं. त्याला गुळवणी जास्त वाढून गप्प केलं. गुढीला नैवेद्य दाखवला तो त्याच आकाराचा, मुद्दाम वेगळी पोळी लाटली नाही. आप्पांच्या ताटात सगळ्यांसारखीच पोळी पडली, वर चमचाभर तूप. ती संपत आल्यावर दादा तव्यावरची दुसरी घेऊन आला. "नको नको," आप्पा म्हणाले, आणि ताटावर आडवा हात धरला, बोटं मात्र फाकलेली. दादानं बोटांवरूनच सोडली. "अरं काय हे," म्हणत त्यांनी ती खाल्ली. आमच्याकडं पोळी अशीच खाल्ली जाते: नको म्हणायचं, समोरच्यानं ऐकायचं नाही. होळीला ज्याची माप मोजून एकच पोळी केलेली होती त्याला नको म्हणायचीही सोय ठेवलेली नव्हती.

दोन तासांनी वहिनीनं त्यांच्या बोटाला सुई लावली. आकडा होळीच्या आकड्याच्या आसपासच होता, किंचित कमीच. मला आश्चर्य वाटलं, तिला नाही. होळीला ते भातावर रागावून तुटून पडले होते, आज पोळ्यांनी पोट भरल्यावर भात मूठभरच घेतला, हे तिनं लक्षात ठेवलं होतं. भातही शेवटी साखरेतच उतरतो. एका दिवसाच्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही, हेही तिनंच सांगितलं, आणि वहीत तारीख घातली.

लहान पोळीवर मावशींचं मत अजून बदललेलं नाही. मी त्यांना पाडव्याच्या दोन पोळ्या दिल्या तर म्हणाल्या, "चवीला बेस हायेत. पर पावन्यांफुडं नगा ठिवू."

आता आखाड लागेल. आखाड तळायचा म्हणजे कापण्या आल्याच: गुळाच्या पाण्यात घट्ट मळलेली कणीक, वरून खसखस दाबून लाटलेली, शंकरपाळ्यासारखी तिरकी कापून तळलेली. पावसात दार लावून घेतलेलं, घरभर तेला-गुळाचा वास, आणि डब्यातून येता-जाता एकेक उचलायची. आप्पांनी आत्तापासून विचारायला सुरुवात केली आहे. वहिनीचं म्हणणं, ओव्हनमध्ये भाजू. मी म्हटलं, भाजलेल्या कापणीला मोहन दुप्पट लागतं, नाहीतर दगड होतो. तेल कढईत वाचवलं ते कणकेत गेलं. तिनं ते मान्य केलेलं नाही. अर्ध्या तळायच्या, अर्ध्या भाजायच्या आणि दोन्हीकडचं तेल मोजायचं असं ठरलं आहे: तळणीच्या आधी आणि नंतर कढईतल्या तेलाचं वजन ती करणार, मोहनाचे चमचे मी मोजणार. दादा म्हणतो, मोजा काय मोजायचं ते, पण यंदा मला तव्याऐवजी कढईपाशी बसवा, तिथं बसलेल्याला पहिली कापणी मिळते.